वाइप केलेल्या डिस्कवरून फाइली परत येतात तेव्हा

तक्रार तीच असते, माणसं तेवढी बदलतात. पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी हार्ड डिस्क निवडली, 'वाइप' केलं, काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. मग कुणीतरी सहज म्हणून रिकव्हरीचा प्रोग्राम चालवून बघितला, आणि गोव्यात कळंगुटच्या गेस्टहाउसात मागच्या कितीतरी सीझनना उतरलेल्या परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट धडाधड वर यायला लागले. सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्यांची सरकारला द्यायची माहिती, भरण्यासाठी स्कॅन करून ठेवलेले. फोंड्याच्या वकिलांकडे हेच विक्रीखतांच्या मसुद्यांचं आणि एक-चौदाच्या उताऱ्यांचं, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचं, होतं.

चवथीच्या आधी आवराआवर सुरू झाली की हे प्रकार वाढतात, कारण माळ्यावरची जुनी मशीनं तेव्हाच भंगारात निघतात. आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलात या दोघांनी अमेरिकेत १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. त्यातल्या १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. हा अभ्यास २००३ साली छापून आला. तेव्हापासून सॉफ्टवेअरं पुष्कळ सुधारली, वापरणाऱ्याची घाई तशीच आहे.

'सॉफ्टवेअर बोगस आहे' हा निष्कर्ष सगळे आधी काढतात. बहुतेक वेळा तसं नसतं. एक तर पुसण्याचं काम झालेलंच नसतं, नाहीतर भलत्या ठिकाणी झालेलं असतं, नाहीतर डिस्क अशा जातीची असते की त्या पद्धतीनं ती पूर्ण पुसलीच जात नाही. यातलं आपल्या बाबतीत काय झालं हे कळल्याशिवाय पुन्हा पुन्हा वाइप मारण्यात अर्थ नाही. म्हणून आधी डिस्क वाचून बघायची.

डिस्कवर आत्ता काय आहे ते बघा

एचएक्सडी नावाचा फुकट मिळणारा हेक्स एडिटर आहे, डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा. तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. 'ओपन डिस्क' मध्ये दोन गट दिसतात, लॉजिकल आणि फिजिकल. आपल्याला फिजिकल हवं, कारण पार्टिशनच्या बाहेरची जागाही तपासायची आहे. 'ओपन अॅज रीडओन्ली' ची खूण आधीच असते, ती काढू नका.

शून्यं भरून पुसलेली डिस्क असेल तर पडदाभर ०० ०० ०० ०० दिसतं, आणि उजवीकडच्या अक्षरांच्या पट्टीत नुसते ठिपके. पहिल्या पानावर एवढं दिसलं की लोक खूश होऊन बंद करतात. तसं करू नका. वर सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या छोट्या कप्प्याचा, आकडा टाकायची चौकट असते, तिथं मनाला येईल ते मोठे आकडे टाकत डिस्कच्या मध्यावर, पाऊण भागावर, शेवटाजवळ उड्या मारा. मधेच कुठे २५ ५० ४४ ४६ दिसलं आणि शेजारच्या पट्टीत टक्केवारीच्या चिन्हाला लागून पीडीएफ ही तीन अक्षरं, तर तिथं एक पीडीएफ फाइल जशीच्या तशी बसलेली आहे. जेपीजी फोटोची सुरुवात 'एफएफ डी८ एफएफ' अशी असते.

सुरुवातीला शून्यं आणि मधे मजकूर शाबूत, हे चित्र सगळ्यात जास्त वेळा दिसतं. त्याचा अर्थ फक्त पार्टिशनची नोंद उडवली गेली. अर्ध्यापर्यंत शून्यं आणि पुढे मजकूर, म्हणजे काम मधेच तुटलं. सगळीकडे अर्थहीन गिचमिड दिसत असेल तर यादृच्छिक आकड्यांनी पुसलेली असेल किंवा एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असेल, नुसत्या नजरेनं ते ओळखता येत नाही. म्हणून वाइप करताना शेवटचा फेरा (सबंध डिस्कवर एकदा लिहिणं म्हणजे एक फेरा) शून्यांचा ठेवावा, तपासणं सोपं जातं.

उड्या मारून पूर्ण खात्री होत नाही हे खरं. त्यासाठी फोटोरेक हा फाइली शोधून काढणारा प्रोग्राम चालवा. तो फाइल सिस्टीमकडे, म्हणजे फाइलींच्या नोंदवहीकडे, बघतच नाही, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत सबंध डिस्क वाचतो. त्याला एकही फाइल सापडली नाही तर ती डिस्क दुसऱ्याच्या हातात द्यायला हरकत नाही. अपवाद एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, त्याबद्दल पुढे.

चटकन झालं? मग झालंच नाही

पुसणं म्हणजे प्रत्येक सेक्टरवर लिहिणं, आणि लिहायला वेळ लागतो. मशीनमध्ये साटा केबलवर बसवलेली साधी १ टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला सरासरी १०० ते १५० एमबी लिहिते, म्हणजे एका फेऱ्याला दोन ते तीन तास. तीच जुन्या यूएसबी २.० च्या केसमध्ये घालून जोडली तर वेग ३० ते ३५ एमबीवर येतो आणि तेच काम आठ-नऊ तासांवर जातं. त्यामुळे चहा पिऊन येईपर्यंत १ टीबी 'वाइप' झाली असेल, तर काय झालं असेल याचे अंदाज ठरलेले आहेत.

पहिला अंदाज, 'अप्लाय' दाबलंच नाही. मिनीटूल पार्टिशन विझार्ड, एओमी पार्टिशन असिस्टंट, ईझयूएस पार्टिशन मास्टर ही मंडळी सांगितलेलं काम लगेच करत नाहीत, यादीत लावून ठेवतात. नकाशात डिस्क रिकामी झालेली दिसतेही, पण 'अप्लाय' किंवा 'एक्झिक्यूट' चं बटण दाबेपर्यंत डिस्कवर एक बाइटही लिहिलेला नसतो. प्रोग्राम बंद करताना 'पेंडिंग ऑपरेशन्स आहेत, सोडून देऊ का' असं विचारतो, आणि घाईत 'यस' दाबलं जातं.

दुसरा अंदाज, 'वाइप' ऐवजी 'डिलीट ऑल पार्टिशन्स' किंवा क्विक फॉरमॅट झालं. दोन्हींत फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंद जाते. एक-चौदावरचं नाव खोडलं म्हणून भाटातले माड तुटत नाहीत. विंडोजच्या फॉरमॅटमध्ये 'क्विक' ची खूण काढली तर मात्र व्हिस्टापासून पुढे तो सबंध पार्टिशनवर शून्यं लिहितो. एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅटसुद्धा नुसते खराब सेक्टर तपासायचा, डेटाला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या ऑफिसांत अजून एक्सपीची मशीनं सापडतात, आणि 'आम्ही फुल फॉरमॅट मारला होता' असं ठामपणे सांगणारेही.

तिसरा अंदाज डिस्कपार्टचा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून चालणाऱ्या पार्टिशनच्या प्रोग्रामचा. त्यात 'क्लीन' आणि 'क्लीन ऑल' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. नुसतं 'क्लीन' पार्टिशनची माहिती उडवतं, त्यासाठी डिस्कच्या सुरुवातीचं आणि शेवटचं एकेक एमबी शून्य करतं आणि क्षणात मोकळं होतं. सगळे सेक्टर पुसणारं ते 'क्लीन ऑल'. गंमत अशी की 'क्लीन ऑल' काम करताना काहीच दाखवत नाही, टक्के नाहीत, पट्टी नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. लोकांना वाटतं लटकलं, आणि खिडकी बंद करतात. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये ती डिस्क बघा. लिहिण्याचा वेग दिसत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका.

चौथा अंदाज, फक्त सी पुसलं. डी, रिकव्हरी पार्टिशन आणि मधली 'अनअलोकेटेड' जागा राहिली. जुन्या मशीनवर कधीतरी पार्टिशनं बदललेली असतात आणि आज रिकामी दिसणाऱ्या जागेत आधीच्या काळातला डेटा पडून असतो. पार्टिशनवर नव्हे, डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'वाइप डिस्क' निवडा.

इथं एक सावधगिरी सांगायलाच हवी. डिस्क ०, डिस्क १ या क्रमांकांवर विसंबून राहू नका, यूएसबी काढून लावली की ते बदलू शकतात. आकार आणि मॉडेल जुळवून बघा, आणि जी पुसायची नाही अशी प्रत्येक डिस्क, बॅकअपची तर आधी, केबल काढून बाजूला ठेवा. यात 'अनडू' नाही.

अर्ध्यावर अडकतं किंवा एरर येते

'अहो, कालपासून ९७ टक्क्यांवरच आहे, बंद करू का?' असा फोन आला की आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडायला सांगावं. तिथं ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या 'रॉ' रकान्यात शून्याखेरीज काही असेल तर डिस्कवर खराब सेक्टर आहेत. प्रोग्राम तिथं जाऊन लिहायचा प्रयत्न करत राहतो, आणि 'आयओ डिव्हाइस एरर' देऊन सोडतो. अशा डिस्कसाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालणारा एनवाइप बरा. तो चुका मोजत पुढे जातो आणि शेवटी काय राहिलं ते सांगतो. श्रेडओएस नावाची छोटी प्रणाली त्याच्यासाठीच बनवलेली आहे, पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करायचं. डीबॅनचं नाव अजून सगळीकडे ऐकू येतं, पण त्याची सुधारणा केव्हाच थांबली आहे. नवीन मशीनवर ते धड सुरूही होत नाही.

पण सी७ ची ओळ वाढत असेल आणि बाकीच्या शून्य असतील, तर दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा आहे. आपल्या किनाऱ्यावर हे मुद्दाम सांगावं लागतं. माळ्यावर चार पावसाळे काढलेल्या डिस्कच्या साटा कनेक्टरवर काळपट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून कॉन्टॅक्ट पुसा, पूर्ण सुकू द्या, केबल नवी लावा. पुष्कळशा 'मेलेल्या' डिस्क एवढ्यावर चालू होतात.

बाहेरची डिस्क तासाभरानं गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि यूएसबीचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो. त्यामुळे लॅपटॉपला बॅटरी असली तरी वीज गेली की डिस्क बंद पडते. जून-जुलैत हे काम यूपीएसशिवाय सुरूच करू नये. पुसताना वीज गेली म्हणून साधी हार्ड डिस्क बिघडत नाही, पण बहुतेक सॉफ्टवेअरं जिथं थांबली तिथून पुढे जात नाहीत, पहिल्यापासून सुरू करतात. यावर एक साधा उपाय आहे. डिस्कवर एकाला लागून एक अशी चार-पाच नवी पार्टिशनं करा आणि एकेक वाइप करत जा. वीज गेली तर एकाच तुकड्याचं काम वाया जातं. सगळे झाले की शेवटी एक 'क्लीन' मारा आणि एचएक्सडीनं सांधे तपासा.

'मीडिया इज राइट प्रोटेक्टेड' आलं तर डिस्कपार्टमध्ये ती डिस्क निवडून 'अॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' द्या. 'अॅक्सेस डिनाइड' आलं तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलाय का ते बघा, आणि त्या डिस्कवरची एखादी फाइल किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन चालू नाही ना तेही.

ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे तीच पुसायला गेलात तर डिस्कपार्ट सरळ नकार देतं, आणि ते योग्यच आहे. तिथं तीन वाटा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, किंवा पेनड्राइव्हवरून एनवाइप चालवा, किंवा मशीन विंडोजसकटच कुणाला द्यायचं असेल तर सेटिंगमधल्या 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढच्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. ते शेवटचं बटण मुळात बंद असतं, म्हणून बहुतेकांचं रीसेट अर्धवट राहतं. नव्या लॅपटॉपवर लिनक्सच्या पेनड्राइव्हला आतली डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळायची एक सोय) चालू असण्याची शक्यता मोठी. ते बंद करून बघा.

एसएसडी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा

एसएसडीवर 'या सेक्टरवर शून्य लिही' म्हटलं तरी आतला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून नवं शून्य दुसऱ्याच पेशीत लिहितो. जुनी पेशी डेटासकट मागे राहू शकते. शिवाय राखीव जागा असते, ती बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही. म्हणून एचएक्सडीत सगळीकडे शून्यं दिसली तरी एसएसडीच्या बाबतीत तो पुरावा अपुरा आहे. वर वाइपचे फेरे मारून तिचं आयुष्य तेवढं कमी होतं.

इथं डिस्कलाच आज्ञा द्यावी लागते. साटा एसएसडीला 'सिक्युअर इरेज', एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगाच्या जातीला 'फॉरमॅट' किंवा 'सॅनिटाइझ'. पुष्कळ लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोय असते, एचपीत 'सिक्युअर इरेज', डेलमध्ये 'डेटा वाइप'. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह यांसारखी कंपन्यांची सॉफ्टवेअरंही ती देतात. काम मिनिटाभरात होतं, आणि या एकाच ठिकाणी चटकन होणं ही वाईट खूण नाही.

नेहमीची अडचण इथं 'फ्रोझन' ची. मशीन सुरू होताना बायोस डिस्कला कुलूप घालतो, जेणेकरून एखादा व्हायरस ती पुसू नये. लिनक्सवरून मशीन एकदा स्लीपमध्ये टाकून परत जागं केलं की बहुतेक वेळा ते कुलूप निघतं. सिक्युअर इरेजच्या आधी एक तात्पुरता पासवर्ड ठेवावा लागतो, तो कागदावर लिहून ठेवा. मधेच वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डनं बंद राहते आणि तो आठवला नाही तर ती उघडत नाही. यूएसबीच्या अॅडॉप्टरवरून हा प्रयोग करू नका. बरेच अॅडॉप्टर ही आज्ञा धड पुढे पोचवत नाहीत आणि डिस्क अडकून बसते. पुढच्या मशीनवर पहिल्या दिवसापासून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं एनक्रिप्शन, चालू ठेवा, म्हणजे विकताना हा सगळा खटाटोप पुष्कळ कमी होतो.

किती फेरे?

एक. पीटर गुटमन यांनी १९९६ साली ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली, ती त्या काळच्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्क लक्षात घेऊन. आधुनिक डिस्कवर ते सगळे फेरे मारण्यात अर्थ नाही असं त्यांनीच नंतर लिहिलं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, २०१४ च्या आवृत्तीत, चुंबकीय डिस्कसाठी एक फेरा पुरेसा धरला आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत 'डीओडी' (अमेरिकेचं संरक्षण खातं) तीन फेरे, सात फेरे असे पर्याय असतात ते दिसायला भारदस्त आहेत इतकंच. ३५ फेरे म्हणजे १ टीबीला तीन-चार दिवस, आणि श्रावणात सलग तेवढी वीज कुणाकडे टिकते ते मला सांगा. तो वेळ फोटोरेकला द्या.

सीसीटीव्हीची डिस्क, आणि मेलेली डिस्क

डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतली, डिस्क काढून विंडोजला जोडली की ती 'इनिशियलाइझ करा' किंवा 'फॉरमॅट करा' असं म्हणते, आणि मालक समजतो की रिकामी आहे. बऱ्याच डीव्हीआरची लिहिण्याची पद्धत त्यांची स्वतःची असते, ती विंडोजला कळत नाही एवढंच. काउंटरवरचं, खोल्यांच्या बाहेरचं चित्रण आत असतं. तिला 'क्लीन ऑल' च लागतं. डीव्हीआरच्या मेनूतल्या फॉरमॅटवर भिस्त ठेवू नका.

जी डिस्क दिसतच नाही किंवा दोन मिनिटं खडखडून बंद पडते, तिच्यापुढे सॉफ्टवेअरचा इलाज नाही. घरातली लोहचुंबकं तिचं काही करत नाहीत. डेस्कटॉपच्या डिस्कच्या तबकड्या साधारणपणे अॅल्युमिनियमच्या असतात, त्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कच्या बहुधा काचेच्या असतात, त्या फुटून चुरा उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा आणि डिस्क जाड फडक्यात गुंडाळा. एसएसडीत तबकडी नसते, बोर्डावरची प्रत्येक काळी मेमरी चिप फुटली पाहिजे. राहिलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्या. गेस्टहाउस किंवा ऑफिसचा माल असेल तर पावती घ्या, आणि तिच्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर लिहून मागा.